वास्तुकला पाहण्यासाठी शहर कसे निवडावे?

वास्तुकलेचे शिक्षण नसलेल्या माणसाने केवळ इमारती पाहण्यासाठी प्रवास करायचा ठरवला, तर शहर कसे निवडावे आणि तेथे काय पाहावे, असे आपण विचारले आहे. प्रसिद्ध इमारतींची संख्या पाहून शहर निवडू नये, असे माझे मत आहे. बांधकामाचा एकच प्रश्न निरनिराळ्या काळांतील लोकांनी कसा सोडवला, हे जेथे पायी फिरून ताडून पाहता येते, ते शहर निवडावे.

इस्तंबूल त्या दृष्टीने मला सर्वांत समृद्ध वाटते. मोठा घुमट आपल्या वजनाने खालच्या आधारांना बाहेर रेटतो, आणि हा रेटा कोठे जिरवायचा, हा तेथील प्रश्न आहे. ५३७ साली चर्च म्हणून पूर्ण झालेल्या हागिया सोफियात पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे अर्धघुमट हा रेटा पेलतात, उत्तर-दक्षिणेला मात्र तशी सोय नाही. ५५८ मध्ये मुख्य घुमटाचा मोठा भाग कोसळला, तेव्हा ५६२ पर्यंत तो अधिक उंच आकारात पुन्हा उभारण्यात आला, कारण चपट्या घुमटापेक्षा उंच घुमटाचा बाहेरचा रेटा कमी असतो. तरीही पुढील शतकांत बाहेरून अवजड आधार जोडत जावे लागले. तेथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर सुलेमानिये मशीद आहे. १५५७ साली पूर्ण झालेल्या या मशिदीसाठी उस्मानी वास्तुविशारद सिनानने दोन अर्धघुमटांची तीच मांडणी स्वीकारली, परंतु बाजूचे आधार भिंतींत आणि सज्ज्यांच्या आड असे सामावले की, ते मुद्दाम शोधावे लागतात. म्हणून आधी हागिया सोफियाला बाहेरून पूर्ण फेरी मारावी, हे आधार नीट पाहून घ्यावेत आणि मगच सुलेमानियेकडे जावे.

शिकागोत प्रश्न उंच इमारतीचा भार कसा पेलायचा, हा आहे, आणि तेथे तर ही तुलना मोनॅडनॉक या एकाच इमारतीत होते. तिचा १८९१ चा उत्तर भाग सोळा मजल्यांचा भार विटांच्या भिंतींवर पेलतो, त्यामुळे तळाशी त्या सुमारे सहा फूट जाड आहेत. १८९३ च्या दक्षिण भागात हा भार पेलायला पोलादी सांगाडा आला.

निघण्यापूर्वी इमारतीचा नकाशा आणि उभा छेद, म्हणजे इमारत उभी कापली तर आत काय दिसेल ते दाखवणारे रेखाचित्र, पाहून ठेवावा. छायाचित्रांपेक्षा त्यांचा उपयोग अधिक होतो. बाह्यभाग सकाळी किंवा उतरत्या उन्हात पाहावा, कारण तिरप्या प्रकाशात भिंतीची खोली कळते. रात्रीची रोषणाई सुंदर असेलही, पण बांधकाम समजून घ्यायला ती मला निरुपयोगी वाटते. प्रार्थनास्थळे प्रार्थनेच्या वेळी पाहुण्यांसाठी बंद असू शकतात, तेव्हा दिवसाचा क्रम त्यानुसार लावावा.