सिझरनंतरची हुडहुडी

प्रश्न : पहिल्या बाळंतपणात कळा सुरू असताना एपिड्युरल (पाठीतून दिलेली, कमरेखाली बधिर करणारी भूल) दिलं होतं, शेवटी सिझरच करावं लागलं. बाळ छातीवर ठेवलं तेव्हा मी इतकी थडथडत होते की त्याला धरताच येईना. सासूबाई म्हणाल्या, वारं शिरलं. आता दुसरी खेप आहे. पुन्हा असंच होईल का? त्यावरच्या इंजेक्शनाने दुधावर परिणाम होतो का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : वारं शिरलेलं नव्हतं. एपिड्युरलने कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, पोटातली ऊब पायांकडे उतरते आणि शरीराच्या आतलं तापमान घसरतं. पाय मात्र हाताला चांगले कोमट लागतात! खालचे स्नायू बधिर असल्यामुळे थरथरण्याचं सगळं काम दंड, खांदे आणि जबडा करतात. त्यात ऑपरेशन थिएटरचा एसी आम्हा गाऊनवाल्यांच्या सोयीने लावलेला असतो आणि सलाईनही गार. सिझरला निम्म्याच्या आसपास बायकांना कमीजास्त हुडहुडी भरते. तुम्हालाही पुन्हा भरू शकते, भरेलच असं नाही.

ठाण्यात भूल देताना मी आधी एसी कमी करायला सांगते, सलाईन कोमट करून लावते आणि छाती-हातांवर गरम हवेचा वॉर्मर घालते. औषधापेक्षा माझी भिस्त यावरच जास्त. तरी थांबलं नाही तर बाळ बाहेर आल्यावर शिरेतून पेथिडिन हे वेदनाशामक, साधारण 25 मिलिग्रॅम. काही मिनिटांत दात वाजायचे थांबतात. ट्रॅमाडॉलही चालतं, पण त्याने मळमळतं. असा एखादा छोटा डोस दुधाच्या आड येत नाही. पेथिडिन पुन्हापुन्हा देणं मात्र आम्ही टाळतो, कारण ते बाळाला सुस्त करतं.

नातेवाइकांना एक बजावून ठेवा : पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. बधिर पायाला चटका कळत नाही आणि फोड आलेला दुसऱ्या दिवशी दिसतो. शेकायचंच तर ब्लँकेट आणि डोक्याला टोपी.

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ भेटायला येतील तेव्हा मागच्या वेळचं आवर्जून सांगा, म्हणजे वॉर्मर आधीच लावून ठेवता येतो. ही हुडहुडी बहुधा भूल उतरेपर्यंत ओसरते. रक्त चढवताना थंडी वाजली तर तिथल्या तिथे नर्सला सांगा. घरी गेल्यावर थंडी वाजून ताप आला, तर ते जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.