फाईल, नस्ती आणि बैलाची वेसण

आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत नुकत्याच अकाउंट्सला लागलेल्या एका ताईंनी विचारलंय. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून, आणि ऑफिसातले मेल झाडून सगळे इंग्रजीत. "'प्लीज रिव्हर्ट बॅक' आणि 'डू द नीडफुल' बरोबर आहे का? साहेब 'कीप मी इन द लूप' म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं? सरकारी कचेरीत फाईलला 'नस्ती' का म्हणतात? आणि रोज लागणारी चार वाक्यं सांगाल का?"

'रिव्हर्ट बॅक' आधी निकालात काढतो, कारण ते कानावर पडलं की माझं डोकं फिरतं. अहो, 'रि'मध्येच 'मागे' आलं. त्यावर आणखी 'बॅक' म्हणजे 'परत माघारी उलटा फिर'. लॅटिन 'व्हर्टेरे' आणि आपला 'वृत्' धातू एकाच कुळातले, तेव्हा रिव्हर्ट म्हणजे परावर्तन, पहिल्या जागी वळणं. 'उत्तर द्या' या अर्थानं तो आपल्याकडे इतका रुळलाय की इंग्रजी कोशांनीही दखल घेतली आहे. पण मेल परदेशी गिऱ्हाइकाला जाणार असेल तर 'प्लीज रिप्लाय' लिहा आणि मोकळ्या व्हा.

'डू द नीडफुल'ला हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. स्पोकन इंग्लिशच्या क्लासवाले ते 'देशी कारकुनांचं इंग्रजी' म्हणून फळ्यावर लिहून खोडतात. एकोणिसाव्या शतकात खुद्द विलायतेतले लोक ते लिहीत होते. त्यांनी टाकलं, आपण जपलं. जुनाट वाटेल, चूक नाही. आपल्या अर्जातलं 'योग्य ती कार्यवाही व्हावी' तेवढंच जुनाट आहे, त्याला कुणी हसत नाही.

'लूप' म्हणजे दोरीची अढी. 'कीप मी इन द लूप' म्हणजे मलाही कळवत राहा. मेल पाठवताना साहेबांचं नाव सीसीत ठेवा, संपलं.

आता दोरीचा विषय निघालाच आहे तर 'फाईल'कडे येऊ. लॅटिन 'फिलुम' म्हणजे दोरा. बल्बमधली फिलामेंट त्यातलीच, 'प्रोफाइल' त्यातलाच, हॉटेलात माशाचं 'फिले' मिळतं तेही त्यातलंच. फ्रेंच लोक कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवायचे, त्या ओवण्यावरून हे क्रियापद पंधराव्या शतकात इंग्रजीत शिरलं. म्हणजे पुठ्ठ्याचं कव्हर ही फाईल नव्हेच. लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानात गल्ल्यामागे लाकडी ठोकळ्यावर तार उभी असायची आणि दिवाणजी पावती झाली की तिच्यात खुपसायचे, ती अस्सल फाईल. दिवाणजींना लॅटिनचा गंध नव्हता.

इथं उद्यमनगरातले माझे एक जुने फोरमन स्नेही आडवे येतात. त्यांचं म्हणणं, फाईल म्हणजे कानस, तिच्यावर दात ओळीनं असतात, कागदही ओळीनं लावतात, म्हणून ऑफिसनं शब्द वर्कशॉपकडून उचलला. कळंबा रस्त्यावरच्या आयटीआयत फिटरच्या पोराच्या हातात पहिल्यांदा फाईलच देतात हे खरं, पण म्हणून व्युत्पत्ती घासून गुळगुळीत करता येत नाही. कानशीची फाईल जुन्या इंग्रजीतली, जर्मन 'फाइलं'ची बहीण. दोन्ही शब्द उच्चारानं एक झाले, एवढंच त्यांचं नातं. हे मी त्यांना तीन वेळा समजावलंय. ते चहा पितात आणि 'असंल' म्हणतात.

आणि आता नस्ती. सरकारी मराठीत फाईलला नस्ती म्हणतात, आणि कुणीतरी लगेच 'नसती भानगड' असा विनोद करतंच. हा विनोद मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. संस्कृतात 'नस्' म्हणजे नाक. पंचकर्मातलं 'नस्य' आठवा. 'नस्ता' म्हणजे बैलाच्या नाकाला पाडलेलं भोक, 'नस्तित' म्हणजे वेसण घातलेला. 'हस्त'चा हात झाला, 'मस्तक'चा माथा झाला, तसं या 'नस्त'मधून आली आपली नथ. हिंदीत वेसणीला 'नाथ' म्हणतात आणि कागद टाचून जोडण्याला 'नत्थी करना'. कागदाला भोक, भोकातून दोरी! माझं मत असं की ही बोलीतली नत्थीच कुणा पंडितानं सोवळं नेसवून 'नस्ती' केली आणि कचेरीत बसवली. म्हणजे बेंदराला रंगवलेल्या बैलाची वेसण, लग्नातल्या नवरीची नथ आणि कलेक्टर कचेरीतली नस्ती ही एकाच घरची माणसं.

संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक मला सांगतात की नस्ती 'न्यस्त'वरून, म्हणजे 'ठेवलेली'. गुरुजी, ठेवलेलं तर घरात सगळंच असतं! मिठाची बरणीही न्यस्तच. मग तिला का नाही नस्ती म्हणत? आणि मधला 'य' गेला कुठं, रजेवर? शिवाय भोकाचा हिशेब त्यांच्याकडे नाहीच. पंच मशीन टेबलावर असताना 'न्यास' आठवतो कसा, हेच मला कळत नाही.

हे भोक आणि दोरी एकदा दिसायला लागली की सुटत नाहीत. 'सूत्र' म्हणजे दोरा. 'ग्रंथ' म्हणजे गुंफलेला, ताडपत्रं दोरीनं बांधायचे म्हणून. लग्नाचा 'बस्ता' फारसी, त्याचा अर्थ 'बांधलेला', आणि जुन्या दप्तरात कागदांच्या गाठोड्यालाही बस्ताच म्हणायचे. लाल फीतही बांधायचीच. कवी माधव ज्यूलियन इथंच राजाराम कॉलेजात शिकवायचे. 1925 साली त्यांनी फार्शी-मराठी कोश केला आणि 1938 साली भाषाशुद्धीवर ग्रंथ लिहिला. फारसी शब्दांवर इतकं प्रेम करून मग ते काढायला निघालेल्या त्या माणसाला 'बस्ता' कुठल्या कप्प्यात ठेवावा असं वाटलं असतं, हे मला नेहमी विचारावंसं वाटतं.

ताईंची चार वाक्यं राहिलीच. एक देतो. साहेबांनी लूपचं काढलं की 'शुअर सर, आय विल कीप यू पोस्टेड' म्हणा. यातलं 'पोस्ट' टपालाचं नाही. किर्दीतली रक्कम खातेवहीत उतरवायची त्याला इंग्रजीत 'पोस्टिंग' म्हणतात. म्हणजे आपली खतावणी, आणि ती तर तुम्ही रोज करताच.