चुलीपाशी बसल्याशिवाय सल्ला देऊ नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

मोखाड्याहून पाठवलेले तुझे पत्र मिळाले. केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या पदार्थांच्या तिरंगा थाळीचा तक्ता धरून तू बोलतेस तेव्हा बाया माना डोलावतात, आणि पुढच्या महिन्यात कुपोषण पाहायला मोजलेला त्याच पोराच्या दंडाचा घेर तेवढाच भरतो, म्हणून ‘यांना कळतच नाही’ असे तू लिहिलेस. हे वाक्य मला मुळीच आवडले नाही. त्यांना सगळे कळते. तू अजून त्यांच्या चुलीपाशी बसलेली नाहीस.

ज्याचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे कुपोषण तीव्र आहे, त्याच्या बाबतीत शिकवणीची वाट पाहायची नसते. त्याला अंगणवाडीतच जादा आहार देणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्रात दाखल कर. त्याला भूक लागत नसेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल तर थेट रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात ने. मी बोलते आहे ते बाकीच्या घरांविषयी. तिथे प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर महिन्याला माणशी 5 किलो धान्य येते, तेही तांदूळ आणि गहू. डाळ आणि तेल विकत आणावे लागते. अशा घरी ‘रोज दूध आणि फळे द्या’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे.

आधी चुलीपाशी बस. डब्यांत काय आहे ते पाहा आणि मुलाला भरवते कोण ते विचार. लावणीच्या दिवसांत आई पहाटे शेतावर जाते आणि धाकट्याला सात-आठ वर्षांची बहीण सांभाळते. तू सल्ला दिलास आईला आणि चमचा आहे बहिणीच्या हातात. सरकारच्या अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा बाईला एक वेळचे चौरस जेवण मिळते, ते चांगलेच आहे. पण वर्षभराचे पोर दिवसभर घरातच असते आणि त्याच्या पुढे येते ती नागलीची (नाचणीची) पातळ पेज. ती पातळ का, हेही चुलीपाशीच कळते: घट्ट पेज पोराच्या घशात अडकेल अशी आईला भीती असते, आणि पीठही पुरवायचे असते. पोराचे पोट लहान, ते पाण्यानेच भरते. तेव्हा त्याच पिठाची पेज चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट शिजवायला सांग, तीत भाजलेल्या उडदाचे पीठ आणि चमचाभर खुरासणीचे (कारळ्याचे) तेल घालायला लाव. एका चमचा तेलाने सुमारे 45 कॅलरी वाढतात आणि पेजेचे आकारमान जवळजवळ तेवढेच राहते. नागलीला गरिबांचे अन्न म्हणून हिणवू नकोस. तिच्या 100 ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि ती त्यांच्याच डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पिकते.

मला हेकट म्हणत असत, तुझ्याही कानावर आले असेल. दर सप्टेंबरात पोषण माह आला की पाककृती स्पर्धा भरवा, फोटो पाठवा, असा तगादा असे. (एका स्पर्धेत पनीरचे पराठे पहिले आले. त्या पाड्यावर पनीर कोणी पाहिलेही नव्हते.) मी ते वेळापत्रक गुंडाळून ठेवत असे आणि घरोघर चुलीपाशी बसत असे. त्यामुळे माझ्या अहवालातील लाभार्थींचा आकडा नेहमी सर्वांत लहान असे आणि बढतीच्या यादीत नावही शेवटी येत असे. याचे मला वाईट वाटत नाही. एका घरातली पेज घट्ट झाली की शेजारणी आपणहून विचारायला येतात, हे मी पाहिले आहे, आणि कोणत्याही तक्त्याने ते घडलेले मी पाहिलेले नाही.

खंत आहे ती वेगळी. दिवाळीनंतर निम्मा पाडा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातो आणि होळीच्या सुमारास मुले आणखी हडकुळी होऊन परततात. भट्टी दुसऱ्या बालविकास प्रकल्पाच्या हद्दीत, म्हणून मला तिकडे जाऊ देत नसत आणि तेवढे भांडण मी शेवटपर्यंत नेले नाही. तू ने. दिवाळीपूर्वी कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर जाणार याची यादी करून तिथल्या अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या हाती दे, आणि रजा टाकावी लागली तरी स्वतः एकदा जाऊन ये. तिथे तीन विटांवर काय शिजते, किती वाजता शिजते आणि तान्ह्याला कोण भरवते ते मला सविस्तर कळव. त्या बायांना काय सांगायचे ते आपण त्यानंतर ठरवू.

तुझी,
ताई