शहाद्याहून एकाने विचारलंय: माझ्या गोड्या पाण्याच्या शेततळ्यातल्या जंबो कोळंबीला जिवाणूंचा रोग झालाय का, हे जागेवरच सांगणारं किट भरवशाचं असतं का?

असतं. पण आपण किटला नेमकं काय विचारतोय हे ठाऊक नसेल, तर तेवढे पैसे तापीत सोडलेले बरे.

मी शिंदखेड्याचा, कामाला सुरतेजवळ ओलपाडला, वनामी जातीच्या कोळंबीच्या तळ्यांवर. तिथे आमच्या दाजींचीही एका तळ्यात भागीदारी होती. बी, म्हणजे कोळंबीची पिल्लं, सोडून महिना व्हायच्या आत खाद्य तपासायच्या चेक ट्रेमध्ये मेलेली कोळंबी दिसू लागली. लिव्हर फिकट, आतडं रिकामं, कवच मऊ. दाजींनी जाहीर करून टाकलं, "ईएमएस आला!" ईएमएस म्हणजे कोळंबीला लहानपणीच मारणारा, विष सोडणाऱ्या जिवाणूंचा रोग. औषधवाल्यानेही मान डोलावली, त्याला अँटिबायोटिक खपवायचं होतं. मी म्हटलं, तासभर थांबा. मरायला टेकलेल्या पण जिवंत कोळंबीचं लिव्हर आणि जठर काढून कुटलं, लॅम्पच्या, म्हणजे रोगाची जनुकं जागेवरच शोधणाऱ्या किटच्या, नळीत घालून ६५ अंशांवर ठेवलं. निगेटिव्ह. दाजी भडकलेच: "कोळंबी मरी ऱ्हायनी, नि तुनं किट नही म्हनस!"

अहो, ते किट फक्त ईएमएसच्या पिर-ए आणि पिर-बी या विषाची जनुकं शोधतं. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या जिवाणूच्या काही वाणांत ती असतात, सगळ्यांत नाही. विष नाही म्हणजे जिवाणू नाही, असं कोण म्हणालं? दुसऱ्या दिवशी, व्हिब्रिओ वाढवून दाखवणाऱ्या टीसीबीएसच्या प्लेटवर हिरव्या ठिपक्यांचा सडा. साधा व्हिब्रिओच, आणि त्याचं मूळ तळाशी: घोटा बुडेल इतका काळा गाळ, सडक्या अंड्याचा वास. ट्रे रिकामा दिसला की खाद्य वाढवा, हा दाजींचाच हुकूम! खाद्य तोडलं, गाळ उपसला, पाणी बदललं, मर थांबली. दाजींनी औषधही टाकलंच, म्हणून अजून लग्नाकार्यात सांगतात की औषधाने वाचली. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांच्यावर बंदी आहे, अंश सापडला तर निर्यातीचा माल परत येतो, हे मात्र सांगत नाहीत.

तुमचं तळं शहाद्याचं, गोड्या पाण्याचं, त्यात जंबो, म्हणजे गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी. बाजारातली बहुतेक किटं वनामी आणि टायगरसाठी असतात. पहाटे कोळंबी काठाला येऊन मरत असेल तर आधी विरघळलेला ऑक्सिजन मोजा. कवचावर काळे, खड्डे पडलेले डाग असतील तर बहुधा जिवाणूच, ते डोळ्यांनाही दिसतं. पिल्लांची शेपटी दुधाळ झाली तर विषाणूचा संशय घ्या. तिथे अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. आणि चाचणीवर खर्च करायचाच तर बी सोडण्याआधी करा. हॅचरीचा चाचणीचा कागद याच टाकीच्या बियाचा आहे का, तेही विचारा.

अर्थात किटही चुकतं. नमुना मेलेल्या, कुजलेल्या कोळंबीचा घेतला की निकालाचा भरवसा गेला. ओल्या एन्झाइमचं किट मे महिन्यात बर्फाच्या डब्याशिवाय आणलं, तर आपल्याकडच्या उन्हात त्याचं काही खरं नाही. सोबतच्या, हमखास रंग बदलायलाच हव्या अशा पॉझिटिव्ह नळीचा रंग बदलला नाही, तर तो निकाल सरळ फेकून द्या. दाजींच्या तळ्यावर तो बदलला होता, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.