थॅचर ‘हुजूर’ की ‘पुराणमतवादी’?

प्रश्न असा आला आहे: ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा उल्लेख एका लेखात ‘हुजूर पक्षाच्या नेत्या’ असा आहे, तर दुसऱ्यात ‘पुराणमतवादी पंतप्रधान’ असा. हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का?

नाहीत. ‘हुजूर पक्ष’ हे मराठीत रुळलेले पक्षाचे नाव आहे, तर ‘पुराणमतवादी’ हा माणसाच्या मतांवरचा शेरा आहे. इंग्रजीत पक्षाचे नाव आणि मताचे विशेषण यांसाठी ‘कन्झर्व्हेटिव्ह’ हा शब्द एकच असला, तरी पहिले अक्षर मोठे की लहान यावरून फरक कळतो. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून दोन वेगळे शब्द असणे आपल्या फायद्याचेच आहे.

‘हुजूर’ अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मूळ अर्थ समक्ष असणे. ‘हजर’ आणि ‘हजेरी’ त्याच धातूचे. दरबारात ज्याच्या समोर उभे राहायचे तो धनीच पुढे हुजूर झाला. पेशव्यांचे हुजूर दफ्तर आणि पुण्यातली हुजूरपागा हे शब्द याच अर्थाचे. राजसत्ता, चर्च आणि जमीनदार यांची बाजू घेणाऱ्या ब्रिटनमधल्या पक्षाला हा शब्द शोभला, आणि समोर ‘मजूर’ पक्ष असल्याने यमकही जुळले. मला ही जोडी फार आवडते. मात्र ती नावापुरतीच घ्यावी, कारण खुद्द थॅचर ग्रँथम गावच्या किराणा दुकानदाराची मुलगी. त्यांच्या आधीचे पक्षनेते एडवर्ड हीथ सुताराचा मुलगा. खानदानी हुजुरांपैकी दोघेही नव्हेत.

‘पुराणमतवादी’ मात्र मला इथे सरळ चुकीचा वाटतो. मराठीत हा शब्द सुधारकांच्या विरोधात उभा राहून घडला आहे. विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, जातिभेद या वादांत जो जुन्याला चिकटून राहिला, तो पुराणमतवादी. थॅचर यांनी 1960च्या दशकात खासदार म्हणून समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळण्याच्या आणि गर्भपाताला कायदेशीर मान्यता देण्याच्या बाजूने मत दिले, आणि फाशीची शिक्षा कायम राहावी अशीही त्यांची भूमिका होती. हे सगळे त्या एका शब्दात कसे मावणार?

कारभाराकडे पाहिले तर तो शब्द आणखीच उलटा पडतो. 1979 साली त्या सत्तेवर आल्या, तेव्हा सरकारी मालकीचे उद्योग, प्रबळ कामगार संघटना आणि चढे कर ही ब्रिटनमधली तीसेक वर्षांची रूढ व्यवस्था होती. जुने तेच राखायचे असते तर हेच राखावे लागले असते. त्यांनी ते मोडले. ब्रिटिश टेलिकॉम 1984मध्ये, ब्रिटिश गॅस 1986मध्ये आणि ब्रिटिश एअरवेज 1987मध्ये खासगी भागधारकांकडे गेली. नगरपालिकांची घरे विकत घेण्याचा हक्क 1980च्या कायद्याने भाडेकरूंना मिळाला. उत्पन्नावरचा सर्वांत वरचा कर 83 टक्क्यांवरून 40वर आला. 1984–85चा खाणकामगारांचा संप त्यांनी मोडून काढला आणि खाणींवर जगणारी गावे उद्ध्वस्त झाली. यातले बरेच मला क्रूर वाटते, पण क्रूर आणि पुराणमतवादी हे एकच नव्हे. सरकारने बाजारातून हात काढून घ्यावा असे म्हणणाऱ्याला ‘खुल्या बाजाराचा कट्टर पुरस्कर्ता’ म्हणावे. शब्द जास्त लागले तरी चालतील.

परराष्ट्र धोरणात मात्र ‘राखणे’ हा अर्थ खरोखर लागू पडतो. एप्रिल 1982मध्ये अर्जेंटिनाने ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटे घेतली, तेव्हा थॅचर यांनी हजारो मैलांवर आरमार धाडले आणि जूनमध्ये बेटे परत मिळवली. 1988मध्ये ब्रुज येथील भाषणात त्यांनी युरोपच्या केंद्रीभूत सत्तेला विरोध केला: ब्रिटनमध्ये सरकारचा पसारा आवरला तो ब्रसेल्समधून पुन्हा लादून घेण्यासाठी नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता. साम्यवादाच्या त्या कडव्या विरोधक, तरी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्याशी आपण व्यवहार करू शकतो असे त्यांनी 1984मध्येच जाहीर केले. आणि जर्मनीचे एकत्रीकरण? ते त्यांना नको होते. युरोपातला समतोल आहे तसाच राहावा असे त्यांना वाटे. इथे आपला ‘जैसे थे’ हा शब्द नेमका बसतो.

म्हणून पक्ष सांगायचा असेल तर ‘हुजूर पक्ष’ लिहा. विचारपरंपरा सांगायची असेल तर ‘परंपरावादी’ बरा. या परंपरेचे विचारवंत एडमंड बर्क यांनी 1790मध्ये मांडले होते की ज्या राज्याला थोडे बदलण्याची सोय नाही, त्याला टिकण्याचीही सोय नाही. ‘परंपरावादी’त हा अर्थ सामावतो, ‘पुराणमतवादी’त नाही. एक पथ्य मात्र पाळावे: रोनाल्ड रेगन यांची मते थॅचर यांच्याशी कितीही जुळत असली, तरी त्यांना ‘हुजूर’ म्हणू नये. ते अमेरिकेतले रिपब्लिकन. त्यांच्यासाठी ‘उजव्या विचारांचे’ पुरे.