विचारा बिनधास्त: पत्रिकेचा फॉन्ट आणि घाटातली गाडी

मुलाच्या लग्नाची पत्रिका डीटीपीवाल्याने पाठवली. त्याच्याकडे मस्त मराठी दिसते, माझ्या लॅपटॉपवर नुसता इंग्रजी कचरा. फाईल खराब झाली का?
— एक वाचक, सातारा

नाही हो, फाईल ठणठणीत आहे. जुन्या मराठी फॉन्टची गंमत अशी की त्यात मागे इंग्रजी अक्षरच टाईप झालेलं असतं, फक्त त्या जागेवर आकार मराठी काढलेला असतो. कृतीदेव ह्या अशाच एका जुन्या फॉन्टमध्ये 'राम' लिहायला जे, के, ई अशी बटणं दाबतात, तो फॉन्ट तुमच्याकडे नसला की रामाचा जेकेई होतो. युनिकोड ह्या आताच्या पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, म्हणून फॉन्ट कुठलाही लावा, क हा क च राहतो. तुम्ही त्याच्याकडून पीडीएफ मागवा, त्यात फॉन्ट सोबतच येतो. मजकूर व्हॉट्सअॅपवर टाकायचा असेल तर जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर मिळतात पण नंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यात तेल घालून तपासा, नाहीतर व्याह्यांचंच आडनाव चुकायचं.

फॉन्ट आणि टाईपफेस एकच ना?
— पुणे

बोलताना एकच. नेमकं सांगायचं तर टाईपफेस म्हणजे घराणं आणि फॉन्ट म्हणजे त्यातला एक मेंबर. विंडोजमधला मंगल, जो आपल्या अक्षरकार र. कृ. जोशींनी केला, तो टाईपफेस, आणि मंगल बोल्ड हा फॉन्ट. छापखान्यात धातूचे खिळे जुळवायचे तेव्हा तर १२ पॉइंटचा वेगळा आणि १४ चा वेगळा फॉन्ट धरायचे.

आमची गाडी फ्रंट व्हील ड्राईव्ह आहे. पावसात गावच्या चढावर पाच माणसं आणि डिकीत सामान असलं की पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. मेकॅनिक म्हणतो क्लच गेला.
— चिपळूण

चाकं फिरतायत म्हणजे इंजिनची ताकद तिथपर्यंत पोचतेय, मग क्लचवर कशाला खर्च करताय? क्लच घसरतो तेव्हा इंजिन ओरडतं आणि चाक मात्र ढिम्म. ह्या गाड्यांत इंजिन पुढे, ओढणारी चाकंही पुढेच, त्यामुळे सपाट रस्त्यावर वजनाने ग्रिप छान मिळते आणि मागे जाणारा लांब शाफ्ट नसल्याने आत पाय ठेवायला जागाही होते. १९८३ ला मारुती ८०० आली तेव्हा अॅम्बॅसिडरवाल्यांना ह्याचंच नवल. पण चढावर वजन मागे सरकतं, त्यात डिकी भरलेली, मग पुढची चाकं हलकी पडतात आणि चिखलात गरगरतात. आधी पुढच्या टायरची नक्षी बघा, दोघातिघांना खाली उतरवा, आणि दुसऱ्या गिअरमध्ये हलका अॅक्सिलरेटर देत न थांबता चढवा. अगदीच अडलात आणि मागे रस्ता मोकळा असेल तर गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवा, तेव्हा ओढणारी चाकं खालच्या बाजूला येतात आणि वजन त्यांच्यावर पडतं. गाव हसेल, हसू दे.

आणि हो, स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कट-कट आवाज येत असेल तर मात्र मेकॅनिककडे जा, पण क्लचसाठी नाही, सीव्ही जॉइंट, म्हणजे वळत्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा, आणि त्याचं रबरी बूट म्हणजे आवरण फाटलंय का ते बघायला.