सिंडिकेटमध्ये नवीन हिस्सेदार आहे. सीझनच्या सुरुवातीला घोड्यांची तयारी कशी पाहावी?

तुम्ही लिहिलंय की यंदा पहिल्यांदाच एका सिंडिकेटमध्ये, म्हणजे शर्यतीचे घोडे मिळून ठेवणाऱ्या गटात, छोटा हिस्सा घेतलाय. सहा घोडे आहेत, मॅनेजर दर आठवड्याला ट्रेनरकडची खबर कळवतो, पण 'छान पळाला', 'अजून कच्चा आहे', 'थोडा वेळ देतोय' यातून नक्की काय समजायचं ते उमगत नाही. मी अकरा वर्षं हिस्सेदार आहे आणि सुरुवातीला माझंही असंच व्हायचं. वाचायचो सगळं, पण लक्ष भलत्याच ठिकाणी असायचं.

मला जे कळलं ते असं: घोडा ज्या सकाळी जोरात पळाला त्या सकाळची बातमी वाचाच, पण त्याच्या दुसऱ्या दिवशीची बातमी मागून घ्या. चंदी (खुराक) संपवली का? चालताना मोकळा होता का? पाय थंड होते का? सीझन कसा जाणार हे बहुतेक वेळा तिथेच कळतं.

हे मला एका कुमैत घोड्याने शिकवलं. तीन वर्षांचा, देखणा. सीझनच्या आधीच्या एका गॅलपमध्ये, म्हणजे भरधाव सरावात, त्याने शेवटचे तीन फर्लांग (सुमारे ६०० मीटर) ३६ सेकंदांत काढले. आम्ही सगळे हिस्सेदार हरखून गेलो. त्याच खबरेत खाली एक ओळ होती, 'रात्रीची चंदी अर्धी ठेवली.' तिच्याकडे कुणीच पाहिलं नाही, मीसुद्धा. पुढच्या आठवड्यात पुन्हा जोराचं काम, पुन्हा चंदी अर्धी. शर्यतीत तो निम्म्या वाटेपर्यंत पुढे होता आणि मग एकेक घोडा त्याला मागे टाकत गेला. नंतर रक्त तपासलं, घशात दुर्बीण घालून पाहिली, तेव्हा श्वासमार्गात कफ साचलेला दिसला. बिचारा दोन आठवडे सांगत होता आणि आम्ही घड्याळ बघत बसलो होतो. आजही त्याचं वाईट वाटतं.

घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेऊच शकत नाही. भरधाव पळताना प्रत्येक झेपेला एक श्वास, असं त्याचं पक्कं गणित असतं. त्यामुळे श्वासाच्या वाटेत थोडी जरी अडचण आली तरी ती कँटरमध्ये, म्हणजे आरामशीर धावेत, लपते आणि शर्यतीच्या शेवटच्या दोन फर्लांगांत उघडी पडते. सकाळच्या कामात सगळं ठीक आणि शर्यतीत घोडा अचानक थांबला, असं झालं तर आधी घशाची तपासणी झाली का ते विचारावं. जॉकीला दोष नंतर द्यावा.

आता सीझनच्या सुरुवातीचा खरा धोका सांगतो. सुट्टीवरून परतलेल्या घोड्याचं हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर, टेंडन) यांना महिने लागतात. घोड्याचं शरीर दमाच्या बाबतीत विलक्षण आहे. उभा असताना हृदयाचे ठोके मिनिटाला ३० ते ४०, पूर्ण वेगात २२० च्या वर. शिवाय प्लीहेत तांबड्या पेशींचा राखीव साठा असतो, पळताना तो रक्तात उतरतो. त्यामुळे दमाने तो पाहता पाहता तयार वाटू लागतो आणि पाय मागे राहतात. गुडघ्याखाली घोड्याच्या पायात स्नायू जवळजवळ नसतातच, हाडं आणि कंडराच असतात. पूर्ण वेगात एका पुढच्या पायावर त्याच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो आणि त्या पायाच्या मागच्या बाजूची कंडरा तुटण्याच्या मर्यादेजवळ ताणली जाते. म्हणून 'घोडा उड्या मारतोय, ट्रेनर का थांबलाय?' असा प्रश्न तुमच्या मनात येईल तेव्हा ट्रेनर बहुधा पायांसाठी थांबलेला असतो. त्याला थांबू द्या.

तुमच्या सहांपैकी दोन घोडे दोन वर्षांचे आहेत, असं तुम्ही म्हणता. त्यांना वेगळ्याच मापाने मोजावं लागेल. शर्यतीच्या घोड्यांचा वाढदिवस कागदावर सगळ्यांचा एकच असतो, उत्तर गोलार्धातल्या बहुतेक देशांत १ जानेवारीला, ऑस्ट्रेलियात १ ऑगस्टला. त्यामुळे उशिरा जन्मलेलं शिंगरू कागदावर दोन वर्षांचं होतं तेव्हा प्रत्यक्षात जेमतेम वीस महिन्यांचं असू शकतं. जन्मतारीख विचारून घ्या आणि मगच त्याची दुसऱ्याशी तुलना करा. या वयात नडग्या दुखणं हे नेहमीचं. पुढच्या पायाच्या नळीचं हाड वेगाला सरावताना स्वतःला नव्याने घडवत असतं आणि त्या काळात ते दुखतं, हात लावला की शिंगरू पाय काढून घेतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डेव्हिड नुनामेकर यांनी यावर बरंच काम केलं. त्यांचा निष्कर्ष असा की हाडाला लांबच लांब हळू कँटरपेक्षा थोडं, पण वेगाचं काम वेळच्या वेळी मिळालं तर ते शर्यतीला जास्त चांगलं तयार होतं. त्यामुळे खबरेत 'नडग्या दुखल्या, तीन आठवडे नुसतं चालवतोय' असं आलं तर निराश होऊ नका. उलट हे लपवलं नाही म्हणून त्या ट्रेनरवर माझा विश्वास वाढतो.

कामाच्या वेगाबद्दलही थोडं सांगतो, कारण आकडे येतात आणि माणूस गोंधळतो. फर्लांग म्हणजे २२० यार्ड, साधारण २०१ मीटर. फर्लांगाला १५ सेकंद म्हणजे मैलाला दोन मिनिटं. हे मधल्या टप्प्याचं, दम वाढवणारं काम. १२ सेकंदांच्या आसपास म्हणजे शर्यतीचा वेग. सुरुवातीचे आठवडे चालणं, दुडकी आणि हळू कँटर, मग १५-१६ चा टप्पा, मग शेवटच्या दोन-तीन फर्लांगांत जोर. लांब सुट्टीवरून आलेल्या घोड्याला शर्यतीपर्यंत पोचायला साधारण तीन महिने धरा. आकडा आला की ट्रॅक ओला होता की कोरडा, पाठीवर किती वजन होतं, सोबत कोण पळत होतं आणि स्वाराचे हात शांत होते की घोड्याला पुढे रेटायला हलत होते, हे सोबत पाहिजे. त्याशिवाय त्या आकड्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. ट्रायलचंही, म्हणजे सरावाच्या शर्यतीचंही, तसंच. ट्रायलमध्ये पाचवा आलेला पण हात न हलवता, कान पुढे ठेवून आलेला घोडा मला चाबूक खाऊन पहिला आलेल्यापेक्षा आवडतो.

ट्रेनरच्या शब्दांचं म्हणाल तर प्रत्येक ट्रेनरची स्वतःची भाषा असते, ती त्याच्याच जुन्या खबरांवरून शिकावी लागते. मी एक साधी वही ठेवतो. प्रत्येक घोड्याला एक पान. तारीख, काम, दुसऱ्या दिवशीची चंदी, वजन आणि ट्रेनरचा नेमका शब्द. सहा महिन्यांनी कळतं की हा ट्रेनर 'ठीक' म्हणतो तेव्हा खूश असतो आणि 'छान' म्हणतो तेव्हा अजून काहीतरी तपासत असतो. वजनाचंही वहीमुळेच कळतं. घोडा ४७० किलोचा की ५१० चा, याला एकट्याने काही अर्थ नाही. मागच्या सीझनला तो जिंकला तेव्हा किती होता आणि आज किती आहे, हे बघायचं.

प्रश्न जरूर विचारा, पण मॅनेजरमार्फत आणि आठवड्यातून एकदा. वीस हिस्सेदारांनी वीस फोन केले तर ट्रेनर फोन उचलणं बंद करतो आणि तुम्हाला गोड गोड वाक्यं मिळू लागतात. अमुक शर्यतीत का नाही उतरवत, असं विचारू नका. 'सध्या याच्याबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?' असं विचारा. जवळजवळ प्रत्येक ट्रेनर याचं खरं उत्तर देतो, आणि देत नसेल तर तेही लक्षात ठेवावं.

जमलं तर महिन्यातून एकदा पहाटे पागेवर जा. गॅलप बघायला जाता तसे, गॅलप झाल्यावर घोडे फिरवतात तिथेही थांबा. किती मिनिटांत श्वास शांत होतो, मागचे पाय मोकळे पडतात का, नजर जागी आहे का, आपोआप दिसू लागतं. आणि मोतद्दाराशी, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याशी, बोला. दिवसभर घोड्याजवळ तोच असतो. आमच्या एका घोडीच्या डाव्या पुढच्या पायाला गॅलपच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या मोतद्दारानेच हात लावून ऊब ओळखली. सूज नव्हती, लंगडत नव्हती. चंदी मात्र संपवली होती, म्हणून बाकी कुणाला शंका आली नाही. अल्ट्रासाउंडमध्ये कंडरेतले थोडे तंतू फाटलेले दिसले. चार दिवसांनी शर्यत होती आणि ती फेवरिट होती. नाव मागे घेतलं. काही हिस्सेदार फार नाराज झाले, एकाने हिस्साही विकला. ती पळाली असती तर कदाचित कंडरा पूर्ण गेली असती.

कंडरा भरायला एक वर्ष तरी जातंच, आणि त्या वर्षात खर्च चालू असतो, बातमी काहीच नसते. सिंडिकेट तुटतात त्या याच काळात. वेल्समधल्या केव्हन फॉरेस्ट गावातल्या २३ जणांचं सिंडिकेट मला नेहमी आठवतं. दर आठवड्याला १० पौंड प्रत्येकी घालून त्यांनी ड्रीम अलायन्स नावाचा घोडा पाळला. २००८ मध्ये त्याची कंडरा तुटली. त्यांनी त्याला सोडलं नाही, मूलपेशींचे उपचार केले, वाट पाहिली, आणि डिसेंबर २००९ मध्ये तो चेपस्टोच्या मैदानावर वेल्श नॅशनल ही मोठी शर्यत जिंकला. असं प्रत्येकाच्या नशिबात नसतं, हे मी जाणतो. पण तो जिंकला नसता तरी त्या माणसांबद्दल मला हाच आदर वाटला असता.

आमची घोडी चौदा महिन्यांनी परत आली. आधी नुसतं चालणं, मग दुडकी, मग सरळ रेषेत हळू कँटर. प्रत्येक कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरकडून एकच शब्द यायचा: 'थंड'. माझ्या वहीत त्या पानावर तो शब्द एकाखाली एक लिहिलेला आहे. यंदा ती पहिली शर्यत पळेल.

तुमच्या सहा घोड्यांची वयं आणि कोण किती आठवड्यांपासून कामावर आहे ते खाली कळवलंत, तर कुणाकडे आत्ता लक्ष द्यावं हे सांगायचा प्रयत्न करेन.